कोइंब्रातलं हुमण आणि घरची करवंटी

गेल्या महिन्यात फोंड्याला एका छोटेखानी सत्कार समारंभाला गेलो होतो. जर्मनीत शिकून आलेला आपल्यातलाच एक मुलगा. हुशार, नम्र, बोलायलाही चांगला. तिथल्या वसतिगृहात त्याने पुरणपोळ्या कशा केल्या, पुरण वाटायला पुरणयंत्र नव्हतं म्हणून चाळणीवर वाटीने कसं घासलं, जर्मन मित्रमैत्रिणी जमिनीवर मांडी घालून कशा बसल्या, हाताने कशा जेवल्या, हे सगळं त्याने रंगवून सांगितलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "अन्न माणसं जोडतं. अतिथी देवो भव ही आपली संस्कृती या मुलाने सातासमुद्रापार नेली."

मग चहा झाला. आम्हा पाहुण्यांना कपबशीतून. खुर्च्या लावणाऱ्या आणि सभागृह झाडणाऱ्या दोघांना मागच्या दाराशी, कागदी पेल्यातून. कप कमी पडले म्हणावं तर तसंही नव्हतं. टेबलावर पालथे घातलेले पंधरा-वीस कप मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही, हे आधीच सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी तोच मुलगा होतो. तशीच गोष्ट मीही अनेक व्यासपीठांवरून सांगितली आणि तशाच टाळ्या घेतल्या. फक्त दर वेळी मी ती अर्धीच सांगत आलो. आज उरलेली अर्धी सांगायची आहे.

१९९८ साली मी पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात पोर्तुगीज भाषेचा वर्षभराचा अभ्यासक्रम करायला गेलो. पहिली खोली मिळाली ती एका विधवा बाईंच्या घरात. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारावर चिठ्ठी लागली: इथे 'कारील' करायचं नाही. कारील म्हणजे आपली कढी, कालवण. स्वतः त्या सार्डिन भाजायच्या तेव्हा जिन्यापर्यंत वास यायचा, पण तो वास त्यांना वास वाटत नव्हता! मी दोन महिने पाव, चीज आणि अपमान खाऊन काढले.

मग वर्गातल्या एका मित्राने मला 'रेपुब्लिका'त नेलं. कोइंब्रात ही एक जुनी चाल आहे. विद्यार्थी मिळून एक घर चालवतात, खर्च वाटून घेतात, निर्णय सगळ्यांच्या संमतीने करतात आणि एका लांब टेबलावर एकत्र जेवतात. पहिल्या राजाज्ञेचा धागा थेट १३०९ पर्यंत नेऊन जोडतात. सालाझारने उभ्या केलेल्या राजवटीत याच घरांतली मुलं सत्तेच्या विरोधात उभी राहिली; १९६९ चा विद्यार्थ्यांचा उठाव तिथले जुने लोक अजून अभिमानाने सांगतात. गंमत अशी की ज्या सालाझारने गोवा सोडायचं नाकारलं, तो याच कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता.

तर त्या घरात एका रविवारी मी हुमण रांधलं. मासळीबाजारातून 'कावाला' आणला. तो आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच. नारळ मिळाला, पण रगडो कुठला? मिक्सरच्या छोट्या भांड्यात तीन वेळा वाटावं लागलं. सुक्या मिरच्या, धणे, हळद तिथे मिळाली. आईने पुडीत बांधून दिलेली तिरफळं आणि सोलां माझ्या पेटीत होतीच. तांदूळ मात्र तिथलाच. मोंदेगो नदीच्या खालच्या खोऱ्यात भातशेती होते, आणि पावसाळ्यानंतरचं पाणथळ शेत बघून आपल्या खाजनांची आठवण येते.

चौदा माणसं टेबलावर होती. पोर्तुगीज, एक ब्राझीलची मुलगी, केप व्हर्दचा कायदा शिकणारा मुलगा, मोझांबिकचे दोघे. त्यांना गोव्याचं जेवण म्हणजे विंदालू, शाकुती आणि कॅफेत मिळणारा समोसा एवढंच ठाऊक. तिरफळाचा वास पहिल्यांदाच घेत होते. एकाने विचारलं, "भातात मीठ विसरलास का?" म्हटलं, नाही, आमच्याकडे भात अळणीच शिजतो, मीठ कालवणात असतं. त्याने खांदे उडवले आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

माझ्या शेजारी बसला होता त्याच्या वडिलांचे काका डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात पकडलेल्या पोर्तुगीज सैनिकांपैकी एक होते. १९६२ च्या मे महिन्यात ते घरी परतले. मी गोव्याचा म्हटल्यावर त्याने हे हसत हसत सांगितलं आणि मीही हसत हसत त्याच्या ताटात बांगड्याचा तुकडा वाढला. साडेचारशे वर्षांचं राज्य, युद्ध, कैद, सगळं त्या वाफाळत्या भातावर विरघळलं. इथपर्यंतची गोष्ट मी नेहमी सांगतो. इथेच टाळ्या पडतात.

यानंतर जे झालं ते मी कधी सांगितलं नाही. केप व्हर्दच्या मुलाने सहज विचारलं, "घरी हे जेवण तू कोणाकोणाबरोबर जेवतोस?"

मी म्हणालो, "सगळ्यांबरोबर. आमच्याकडे दार कायम उघडं असतं."

दार उघडं असतं हे खरं होतं. त्या दारातून कोण किती आत येतं, हे मी गाळलं.

* * *

गोव्यातलं जुनं हिंदू घर ज्यांनी पाहिलंय त्यांना नकाशा सांगायला नको. अंगण, मग सोपो, मग वसरी, मग राजांगण, शेवटी स्वयंपाकघर. प्रत्येक पायरीवर एक न लिहिलेली यादी. माडावर चढणारा पाडेली अंगणापर्यंत. शेजारचे ख्रिस्ती मास्तर वसरीपर्यंत. त्यांच्यासाठी काचेचा पेला वेगळा, फडताळाच्या वरच्या कप्प्यात. नातेवाईक राजांगणापर्यंत. स्वयंपाकघरात फक्त सोवळ्यातली माणसं. आमच्या मुंडकाराच्या बायकोला चहा मिळायचा तो नारळाच्या करवंटीतून. ती करवंटी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायची, ती स्वतःच काढायची आणि स्वतःच धुऊन ठेवायची. आजीचं एक वाक्य माझ्या कानात आजही आहे: "तिका भायर वाड गो." तिला बाहेर वाढ. आजी दुष्ट नव्हती. त्या बाईच्या बाळंतपणात रात्रभर जागलेली होती. पण ताटाची गोष्ट आली की बाहेर ती बाहेर.

आता सोलांची गोष्ट. कोइंब्राच्या त्या हुमणात जी सोलां पडली, ती कोणी केली होती? याच बाईने. भिंडां फोडून, बिया काढून, सालींना मीठ लावून, रसात पुन्हा पुन्हा बुडवून सात-आठ दिवस उन्हात वाळवायचं काम दर उन्हाळ्यात तिचं. तिच्या हाताचं मीठ, तिच्या हाताचा रस त्या सालींत मुरलेला. कच्चं आणि सुकं तिच्या हातचं चालतं. शिजलेलं चालत नाही. तिने पाडलेलं, सोललेलं, वाळवलेलं सगळं आमच्या पोटात जाऊ शकतं, ती मात्र आमच्या चुलीसमोर येऊ शकत नाही.

पोर्तुगीज सैनिकाच्या पुतण्याच्या मुलाने तिची सोलां माझ्या शेजारी बसून खाल्ली. तिने ती माझ्या शेजारी बसून कधी खाल्ली नव्हती. वाचकहो, हे वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

म्हणून मी म्हणतो, परदेशात वाढलेलं ताट हे औदार्य नव्हे. ते स्वस्त आहे. तिथे आपल्याला काहीच गमवावं लागत नाही. जर्मन मुलगी आपल्या भाटात राहत नाही, तिचा भाऊ उद्या आपल्या मुलीला मागणी घालणार नाही, आत्या रुसणार नाही, देवळाच्या पंक्तीत कोणी बोट दाखवणार नाही. उलट मान मिळतो. ज्या ताटामुळे काही गमवायची पाळी येते, तेवढंच ताट मोजायचं.

* * *

आपला इतिहासही ताटावरच लिहिलेला आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली जो मनाईहुकूम काढला, त्यात बाटलेल्यांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये असंही एक कलम होतं. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या ग्रंथात ते मी पुढे कित्येक वर्षांनी वाचलं आणि कोइंब्रातला तो अळणी भात आठवून अंगावर काटा आला. सत्तेला ठाऊक होतं की माणूस कोणाचा हे भाताच्या टोपात ठरतं. हे कलम आपण भाषणांतून सांगतो, संतापाने सांगतो, आणि सांगायलाच हवं.

पण नाण्याची दुसरी बाजू? पाव खाल्ला म्हणून, त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायला म्हणून माणूस 'गेला' असं मानणारं कोण होतं? तो नियम इन्क्विझिशनचा नव्हता, तो आपला होता. तिकडून ढकललं आणि इकडून दार लावून घेतलं. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य आलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका कप चहासाठी! १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यातल्या ख्रिस्ती गावड्यांचं शुद्धीकरण केलं. हजारो माणसं परत आली. आली ती कुठे? 'नवहिंदू गावडे' हे नाव घेऊन एक वेगळीच जात म्हणून राहिली. धर्मात घेतलं, पंक्तीत नाही घेतलं.

परदेशात शिकून आलेल्या माणसाचं काय होतं, हे वडोदऱ्याच्या मराठी वाचकांना मी सांगायला नको. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली. राहायला जागा नाही. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी खाणावळीत अकरा दिवस काढले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. दोन ओळखीचे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरात घेतलं नाही. संध्याकाळ बागेत बसून काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. न्यूयॉर्कला त्यांना कोणाही शेजारी बसून जेवता आलं होतं, बडोद्याला नाही. आपल्या सत्कार समारंभांत ही गोष्ट कधी ऐकलीत?

आता आजचं बघू. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर आवारात २०२३ मध्ये पालक पनीर मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यावरून एका भारतीय विद्यार्थ्याला वासाबद्दल सुनावण्यात आलं. प्रकरण न्यायालयात गेलं, २०२५ मध्ये दोन लाख डॉलरची तडजोड झाली. त्याआधी २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या एका घरमालकाने 'करीचा वास मागे राहतो' म्हणून आपल्याकडच्या लोकांना घर द्यायचं नाकारलं, तेव्हा न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. दोन्ही बातम्या आपण आनंदाने एकमेकांना पाठवल्या. मीही पाठवल्या, कोइंब्राची ती चिठ्ठी मी विसरलेलो नाही.

पण ज्या फोनवरून त्या पाठवल्या, त्याच फोनवर आपल्या मुंबईतल्या आतेभावाच्या सोसायटीत मासे खाणाऱ्याला फ्लॅट मिळत नाही, हेही आपल्याला माहीत असतं. आणि गोव्यात आपण खोली भाड्याने देताना आधी काय विचारतो? आडनाव. मग गाव. मग आडनाव पुन्हा एकदा, नीट ऐकू आलं नाही म्हणून. परक्या देशात आपल्या वासाला मान मिळावा म्हणून कोर्टात जाणारे आपण, आपल्या दारात दुसऱ्याच्या वासाचं काय करतो?

* * *

यावर काय उत्तरं येतात ती मला पाठ आहेत.

पहिलं: "हा द्वेष नव्हे, सोवळं आहे. स्वच्छतेचा प्रश्न आहे." मग त्या जर्मन मुलीने आंघोळ केली होती का, हे कोणी विचारलं होतं? सोवळं जर विमानात बसलं की सुटतं आणि दाबोळीला किंवा मोपाला उतरलं की पुन्हा नेसलं जातं, तर ते स्वच्छतेचं सोवळं नव्हे.

दुसरं: "ख्रिस्त्यांतही जाती आहेत." आहेत. कॉन्फ्रारीचे वाद, कोणी कुठला झगा घालायचा याची भांडणं, सगळं आहे. ज्याने त्याने आपलं ताट घासावं. मी माझं घासतोय.

तिसरं: "आम्ही शाकाहारी. आम्ही काय करायचं?" कोणी काय खावं हे मी सांगत नाही. खतखतें करा, वरण-भात करा. ताटात काय आहे हा माझा प्रश्नच नाही. शेजारी कोण बसलंय, एवढाच प्रश्न आहे.

चौथं थोडं वजनदार आहे: "सहभोजनाने जात जात नाही, असं आंबेडकरांनीच सांगितलंय." खरं आहे. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात त्यांनी तसंच मांडलं होतं. खरा उपाय त्यांनी आंतरजातीय विवाह हा सांगितला होता. पण हे वाक्य आपल्या तोंडी कधी येतं? पुढचं पाऊल टाकायचंय म्हणून नव्हे, पहिलंही टाकायचं नाही म्हणून. ज्याने शेजाऱ्याबरोबर एक जेवण घेतलं नाही, त्याने सहभोजन अपुरं आहे असं म्हणणं म्हणजे उंबरठा न ओलांडणाऱ्याने वाट लांब आहे म्हणून तक्रार करणं.

* * *

तुम्ही काय केलंत, असं विचाराल. विचारायलाच हवं.

१९९९ मध्ये परत आलो आणि पहिल्याच आठवड्यात आईला म्हटलं, आज मुंडकारीणबाईला आत जेवायला बोलावू. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच अंगणात जाऊन तिला म्हणाली. बाई हसली आणि म्हणाली, "ना गो बाय, माका हांगाच बरें." मला इथेच बरं. मी मोठ्या फुशारीने परदेशातून समता घेऊन आलो होतो आणि तिने ती एका वाक्यात परत केली. आयुष्यभर बाहेर बसवलेल्या माणसाला एका दुपारी आत ये म्हणणं, हेही आमच्याच मर्जीने! तिने का यावं? तिच्या जागी मीही आलो नसतो.

त्या दिवशी मी आणि आई अंगणात बसून तिच्याबरोबर जेवलो. तीन पत्रावळी, एकच हुमण. करवंटी आईने त्याच संध्याकाळी चुलीत घातली. कोणाला काही बोलली नाही.

दोन वर्षांनी चवथीला तिचा मुलगा आणि सून घरात, राजांगणात, पंक्तीला बसले. माझी आत्या त्या दिवशी जेवली नाही. पुढची तीन वर्षं ती आमच्या चवथीला आली नाही, आणि चौथ्या वर्षी आली तेव्हाही स्वतःचा डबा घेऊन आली. गावात बोलणी झाली. माझ्या आईने ती सोसली, मी तर पणजीला नोकरीवर होतो. म्हणून या गोष्टीचं श्रेय मी घेत नाही. मी फक्त कोइंब्राहून एक प्रश्न घेऊन आलो होतो, किंमत आईने दिली.

मुंडकारीणबाई मात्र शेवटपर्यंत आत जेवली नाही. तिचं देणं राहिलं ते राहिलंच.

फोंड्याच्या त्या मुलाला मी कार्यक्रमानंतर भेटलो. पुरणपोळीचं मनापासून कौतुक केलं. मग विचारलं, "इथे घरी कोणाकोणाला बोलावलंस रे, आल्यापासून?" तो गोंधळला. म्हणाला, "काका, इथे कसं... घरच्यांना विचारावं लागतं." प्रामाणिक उत्तर होतं. माझ्यापेक्षा प्रामाणिक; मी खोटं बोललो होतो.

घरच्यांना विचारावं लागतं, हे खरंच. तर विचारूया. येत्या चवथीला मेलबर्नच्या किंवा म्युनिकच्या मुलाने मित्रांना मोदक खाऊ घातल्याचा फोटो आला, की तो चारचौघांना दाखवण्याआधी एकदा मागच्या दाराकडे बघा. तिथे कोण बसलंय, कशातून चहा पितंय? त्याच्यासाठी कप काढा, आणि आपलाही घेऊन तिथेच बसा. आत या म्हणायचा हक्क नंतर कमवता येईल.